पासवर्ड, कॉन्सन्ट्रेशन, जेपर्डी : टीव्हीवरच्या खेळांच्या जुन्या घरगुती आवृत्त्या काय पाहून घ्याव्यात, कशा टिकवाव्यात?

वाळवण :

नमस्कार मंडळी,

अमेरिकन टीव्हीवरच्या शब्दखेळांचे आणि प्रश्नमंजूषांचे जे घरगुती खेळ खोक्यांत विकले जायचे, त्यांचा संग्रह सुरू करायचा आहे. सगळेच जमवणे शक्य नाही, म्हणून १९६० आणि ७० च्या दशकांतल्या मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या तीन मालिका धरल्या आहेत : पासवर्ड (एका शब्दाची खूण देऊन जोडीदाराकडून शब्द ओळखून घ्यायचा), कॉन्सन्ट्रेशन (बक्षिसांच्या जोड्या जुळवत चित्रकोडे सोडवायचे) आणि जेपर्डी (उत्तर दिलेले असते, त्याचा प्रश्न सांगायचा). मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तो गराज सेल आणि एस्टेट सेलमधून (लोक घरातल्या जुन्या वस्तू विकायला काढतात तिथून) वस्तू घेऊन ठेवेल आणि डिसेंबरात येताना आणेल. पण त्याला यातले काही कळत नाही. त्याने फोटो पाठवायचे आणि घ्यायचे की नाही ते मी इथून सांगायचे, असे ठरले आहे.

अडचणी अशा :

फोटोवरून खेळ पूर्ण आहे की नाही हे कसे ओळखायचे? विक्रेते सरसकट 'कम्प्लीट' लिहितात.

खोक्यावरचे साल आणि आवृत्तीचा क्रमांक यांचा मेळ लागत नाही. कोणते खरे धरायचे?

घर ठाण्यात, तेही तळमजल्यावर. पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. पुठ्ठ्याची साठ वर्षांपूर्वीची खोकी तिथे कशी ठेवायची?

झाकणाचे कोपरे बहुतेक वेळा फाटलेलेच असतात. ते घरी नीट करता येतात का?

शिवाय खेळांव्यतिरिक्त तिकिटे, नावाचे बिल्ले, हातात धरायचे इलेक्ट्रॉनिक खेळ अशाही वस्तू दिसतात. त्यातले काय घेण्याजोगे आहे, तेही सांगा.

पटावरचा :

निवड चांगली केलीत. तिन्ही मालिका एकाच कंपनीच्या असल्याने तपासायची रीत बरीचशी सारखी आहे. आधी क्रमांकांचा घोळ सोडवू.

पासवर्ड हा कार्यक्रम सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर २ ऑक्टोबर १९६१ ला सुरू झाला, सूत्रसंचालक अ‍ॅलन लडन. घरगुती खेळ १९६२ मध्ये आला आणि १९८६ पर्यंत त्याच्या २४ आवृत्त्या निघाल्या. शेवटचा क्रमांक मात्र २५ आहे, कारण १३ हा आकडा अशुभ म्हणून वगळला. १२ नंतर थेट १४. कॉन्सन्ट्रेशनमध्येही १३ नाही. तेव्हा यादी करताना १३ चा रकाना ठेवूच नका, आणि कोणी 'दुर्मिळ तेरावी आवृत्ती' म्हणून भाव सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

खोक्यावरचे साल हे हक्कनोंदणीचे असते, छपाईचे नव्हे. तेच साल पुढच्या छपाईतही राहू शकते. म्हणून यादी आवृत्तीच्या क्रमांकावर करा आणि काळाचा अंदाज इतर खुणांवरून घ्या. पत्त्यात झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल तर ते खोके १ जुलै १९६३ नंतरचे, कारण झिप कोड त्या दिवशी सुरू झाला. बारकोड असेल तर १९७४ च्या आधीचे असूच शकत नाही. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीचे नाव दिसले तर १९८४ किंवा नंतरचे, कारण मिल्टन ब्रॅडली त्या वर्षी हॅस्ब्रोकडे गेली. जेपर्डीत आणखी एक सोपी खूण म्हणजे पटावरच्या रकमा. पहिला सूत्रसंचालक आर्ट फ्लेमिंगच्या काळात, म्हणजे ३० मार्च १९६४ पासून, पहिल्या फेरीत १० ते ५० डॉलर आणि दुसरीत २० ते १०० डॉलर असत. १९८४ मध्ये अ‍ॅलेक्स ट्रेबेक या नव्या सूत्रसंचालकाच्या कार्यक्रमात त्या १०० ते ५०० झाल्या आणि २६ नोव्हेंबर २००१ पासून २०० ते १०००. पटावर १०० ते ५०० दिसत असेल तर तो तुमच्या मालिकेतला नाही, तो पुढच्या काळातला दुसऱ्या कंपनीचा खेळ आहे.

आता पूर्ण आहे की नाही हे पाहणे. मावसभावाला प्रत्येक खोक्याचे चार फोटो मागा : झाकणाचा वरचा भाग, झाकणाची आतली बाजू, सगळे सामान टेबलावर सुटे मांडून, आणि रिकामा तळ. दुसरा फोटो सर्वांत महत्त्वाचा. या काळातल्या मिल्टन ब्रॅडलीच्या खेळांचे नियम बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूलाच छापलेले असतात. सामान किती आणि कोणते ते तिथून कळते. तळाशी कोणी दुसऱ्याच आवृत्तीचे पत्ते टाकले आहेत का, हेही त्यावरून ताडता येते. ज्या खोक्याचे झाकण गेले त्याचे नियमही गेले, असे समजा.

पासवर्ड : यात खरा जीव लाल खिडक्यांच्या पाकिटांत आहे. पत्त्यावर शब्द निळसर शाईत असतो आणि त्यावर लाल नक्षीची भरगच्च छपाई. नुसत्या डोळ्यांनी गोंधळच दिसतो. पत्ता पाकिटात घातला की लाल पापुद्र्यातून पांढरा कागद आणि लाल नक्षी दोन्ही सारखीच लाल दिसतात आणि निळा शब्द तेवढा काळा उठून येतो. त्यामुळे तीन गोष्टी बिघडू शकतात. पाकीट हरवते. पाकिटाचा लाल रंग उडून तो गुलाबी होतो, मग नक्षी लपत नाही. किंवा पत्त्यावरची लाल नक्षी उन्हाने फिकट होऊन शब्द पाकिटाशिवायच वाचता येतो, म्हणजे खेळ म्हणून तो पत्ता संपला. मावसभावाला एक पत्ता पाकिटात घालून, उजेडाकडे धरून, फोटो काढायला सांगा. शब्द स्वच्छ वाचता आला तर दोन्ही ठीक. एका खोक्यातली पाकिटे दुसऱ्या आवृत्तीला वापरायची असतील तर खिडक्यांची जागा आणि पत्त्यावरच्या शब्दांची जागा जुळते का ते आधी पाहा.

कॉन्सन्ट्रेशन : एनबीसीवर २५ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालेला कार्यक्रम, पहिला सूत्रसंचालक ह्यू डाउन्स. तिन्हींत यांत्रिक दृष्ट्या हाच सर्वांत नाजूक आहे. पटावर ३० घरे. प्रत्येक घरात बक्षिसाचा पत्ता, जोडी जुळली की ती दोन घरे उघडी होतात आणि मागच्या गुंडाळीवरच्या चित्रकोड्याचा तेवढा तुकडा दिसतो. चित्रे, अक्षरे आणि अधिकची चिन्हे एकामागून एक उच्चारली की वाक्प्रचार तयार होतो. ही कागदी गुंडाळी दोन रुळांवर फिरते. विचारायचे ते असे : दोन्ही रूळ आहेत का? फिरवायच्या मुठी आहेत का? गुंडाळी पहिल्या कोड्यापासून शेवटच्यापर्यंत अखंड आहे का? दोन्ही टोकांचा वेगळा फोटो घ्या, कारण ती बहुतेक टोकांनाच रुळाच्या चिकटपट्टीजवळ फाटते. बक्षिसांचे पत्ते मोजताना नुसती संख्या पाहू नका. त्यात वाइल्ड कार्ड, प्रतिस्पर्ध्याचे बक्षीस उचलायचे पत्ते आणि स्वतःचे बक्षीस सोडायचे पत्ते वेगळे असतात. हरवतात ते नेमके हेच.

जेपर्डी : यात उत्तरांचे तक्ते, त्यांच्यावर झाकायच्या रकमांच्या चिठ्ठ्या, खोटे पैसे आणि आधी कोण बोलणार हे ठरवणारे क्लिकर. क्लिकर नसले तर फार बिघडत नाही. तक्ता एक जरी कमी असला तरी त्या तक्त्याचा अख्खा खेळ गेला, म्हणून तक्त्यांचे क्रमांक ओळीने लावून फोटो मागा.

खरेदीची रीत : पासवर्ड अमेरिकेत मुबलक सापडतो. सुटा मागवला तर टपालखर्च खेळाच्या किमतीहून जास्त होतो, म्हणून तीन-चार आवृत्त्यांचा गठ्ठा बघा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला 'मीडिया मेल'ने पाठवू नका असे आधीच लिहा. अमेरिकी टपालखात्याचा तो स्वस्त दर पुस्तके, ध्वनिमुद्रणे वगैरेंसाठी आहे, बैठ्या खेळांसाठी नाही. तपासणीत सापडले तर उरलेले पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात.

मोगरा_एडिसन :

वर सांगितले आहे त्यात सामानाच्या बॅगेपुरते जोडते.

त्या काळातले लांब खोके साधारण १९ इंच लांब आणि ९.५ इंच रुंद असते. मोठ्या चेक-इन बॅगेत ते आडवे बसते. तीन-चार खोकी एकावर एक, मधोमध, वर-खाली आणि चारही बाजूंना मऊ कपडे. खोक्याच्या आत पोकळी राहिली की झाकण दबून मधून चिरते, म्हणून आत शाई नसलेला कोरा कागद चुरगळून भरा, वर्तमानपत्र नको. झाकण बंद राहावे म्हणून सेलोटेप अजिबात लावू नका. कागदाची दोन इंच रुंद पट्टी खोक्याभोवती गुंडाळा आणि टेप त्या पट्टीवरच लावा, खोक्याला नाही.

पत्त्यांच्या गठ्ठ्याला जुने रबर असेल तर निघण्यापूर्वीच काढून टाका. नैसर्गिक रबर आधी चिकट होते, मग कडक होऊन कागदालाच बसते आणि तपकिरी डाग उरतो. त्याच्या जागी कागदाची पट्टी. चिकटलेले रबर ओढू नका, सुकलेले असेल तर बोथट सुरीने हलकेच उचलले की तुकड्यांनी निघते.

वाळवण :

पटावरचा, मोगराताई, खूप आभार. चार फोटोंची यादी भावाला पाठवली. आता मुख्य काळजी पावसाळ्याची. सध्या बेत असा आहे : गोदरेजचे लोखंडी कपाट, प्रत्येक खोके प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात डांबरगोळ्या. पुरेल का?

ग्रंथवैद्य :

थांबा. डांबरगोळ्या नकोत. या एका गोष्टीसाठीच लिहायला बसलो.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन किंवा पॅरा-डायक्लोरोबेंझीन. दोन्हींची वाफ पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकला मऊ करते. जुन्या खेळांतले कडक, ठिसूळ, टकटक वाजणारे पट, तबकड्या, रूळ आणि सोंगट्या बहुधा याच प्लास्टिकच्या असतात. बंद कपाटात काही महिने ही वाफ कोंडली की पट चिकट होतो, वाकतो, त्यावर खालच्या कागदाचा ठसा उमटतो. हे परत फिरवता येत नाही. कापूरही त्याच कारणाने नको. वस्त्रांसाठी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या गोळ्या ठेवतात, ते ठीक, पण ज्या कपाटात प्लास्टिकचे खेळ आहेत तिथे साड्याही गोळ्यांसकट ठेवू नका. लवंग, कडुनिंबाचा पाला हे खेळांना बाधत नाही, पण त्यावर विसंबूनही राहू नका. कसर आणि बुरशी या दोन्हींचे मूळ ओलावा आहे, तोच आवरायचा.

दुसरा धोका तुमच्या पासवर्डच्या पाकिटांचाच. मऊ पाकीट बहुधा पीव्हीसीचे असते. त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपते. हात लावला तर चिकट लागते ते हेच. हे द्रव्य शेजारच्या पॉलिस्टायरीनला विरघळवते आणि पत्त्यांवरची शाई उचलते. म्हणून पत्ता पाकिटात घालून ठेवू नका, कितीही सोयीचे वाटले तरी. पाकिटे वेगळी काढा, कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब घालून सुती फडक्याने पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा, सावलीत वाळवा. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव यांतले काही नको, पाकिटावरची छपाई निघून येईल. वाळल्यावर केक भाजताना वापरतात त्या सिलिकॉन लेपाच्या कागदात प्रत्येक पाकीट वेगळे गुंडाळा आणि खोक्यात पटापासून दूरच्या कप्प्यात ठेवा. त्याच कारणाने खोक्यासाठी मऊ पीव्हीसीची पिशवी घेऊ नका. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची चालते.

आता ओलावा. लक्ष्य : सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. ६५ च्या वर काही दिवस राहिली की बुरशीला वाट मिळते, आणि ठाण्यात जुलै-ऑगस्टात ती सहज ८० च्या पलीकडे असते. लोखंडी कपाट हवाबंद नसते, त्यामुळे सगळे कपाट कोरडे ठेवण्याच्या मागे लागू नका. चारही बाजूंनी कड्या असलेले, झाकणाला रबराची कड असलेले पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या. आतली लांबी किमान ५० सेंटिमीटर असली पाहिजे, कारण खोके ४८ च्या आसपास असते. एका डब्यात चारपेक्षा जास्त खोकी नको, आडवीच ठेवायची, जड खाली. उभी ठेवली तर पत्ते एका कडेला घसरतात आणि कॉन्सन्ट्रेशनची गुंडाळी रुळावरून उतरते.

प्रत्येक डब्यात २५० ग्रॅम सिलिका जेल, मलमलच्या पिशवीत. नारिंगी रंगाचे घ्या. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, ते टाळा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा कोरडे होतात, गार झाल्यावरच डब्यात परत घाला. डब्यात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. तो ४० च्या खाली गेला तर थोडे जेल काढा. फार कोरड्या हवेत झाकणावरचा छापील कागद आखडतो आणि पुठ्ठा बाकतो.

खोकी डब्यात भरण्याचा दिवसही महत्त्वाचा आहे. आगोटीची कामे ज्या दिवसांत उरकतो तेच दिवस नव्हेत. मे महिन्यात ठाण्याची हवा कोरडी वाटते, तशी ती नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, दुपारी, खोकी सावलीत तीन-चार तास उघडी ठेवून मग बंद करा. भाऊ डिसेंबरातच येतो आहे, हे चांगले. पावसात डबे उघडायचेच झाले तर वातानुकूलित खोलीत, आणि लगेच बंद.

कपाट जमिनीपासून सहा इंच उचला, भिंतीपासून तीन इंच दूर, आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीशी नको. तळमजल्यावर ओल भिंतीतून वर चढते.

बाहेरून आलेले प्रत्येक खोके दोन आठवडे इतरांपासून वेगळे, बंद पिशवीत. कसर दिसली तर फक्त कागद आणि पत्ते बंद झिपच्या पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर बाहेरची वाफ थंड कागदावर पाणी होऊन बसते. प्लास्टिकचे पट आणि पाकिटे फ्रीझरमध्ये घालू नका, गारठ्याने तडकतात.

सिगारेटचा किंवा तळघराचा वास असेल तर मोठ्या बंद डब्यात खोके उघडे ठेवून शेजारी वाटीत खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा, तीन आठवडे. सोडा कागदावर भुरभुरायचा नाही. ऊन दाखवायचे नाही, वर सांगितलेली लाल छपाई उन्हाने आधी जाते.

वाळवण :

डांबरगोळ्यांचे वेळेवर कळले. कपाटात आधीच ठेवल्या होत्या, आज काढल्या. वास जायला किती दिवस लागतील? आणि कोपऱ्यांचेही सांगा ना.

ग्रंथवैद्य :

कपाट रिकामे करून, दारे सताड उघडून, पंखा लावून तीन-चार आठवडे. आतून साबणाच्या पाण्याने पुसा. वास यायचा पूर्ण थांबल्याशिवाय डबे आत ठेवू नका.

कोपरे घरी होतात, घाई मात्र नको. लागते ती खळ, आणि ती करायला उत्तम वस्तू आपल्या स्वयंपाकघरातच आहे : कुरडईसाठी काढतो तो गव्हाचा चीक. कागद दुरुस्त करणारे जगभर गव्हाच्या पिठातले हेच सत्त्व वापरतात. गहू तीन दिवस पाणी बदलत भिजवून, वाटून, गाळून, निवळू द्यायचा, हे घरी माहीत असेलच. कुरडईपेक्षा एक पायरी जास्त : वरचे पाणी ओतून देऊन तळाच्या पांढऱ्या थरात पुन्हा स्वच्छ पाणी घाला, ढवळा, निवळू द्या. असे आणखी दोन-तीनदा. उरलेला चिकट अंश निघून गेला पाहिजे, त्यानेच पुढे कागद पिवळा पडतो आणि किडे येतात. नुसत्या कणकेची किंवा मैद्याची खळ म्हणूनच नको.

वाळलेला चीक एक भाग, पाणी पाच भाग. मंद आचेवर सतत ढवळत २० ते ३० मिनिटे. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की झाली. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा दाबून काढा, मग लागेल तसे पाणी घालून साईइतकी पातळ करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. मीठ नाही, हिंग नाही. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, तेही नको : तांब्याचा अंश कागदाला आतून जाळतो, काही वर्षांत तिथेच तपकिरी होऊन तुटतो.

दुरुस्ती आतल्या बाजूने करायची. कोपऱ्याच्या दोन्ही कडा कोरड्या मऊ ब्रशने झाडा. उलगडलेले पुठ्ठ्याचे थर खळ लावून आधी एकमेकांवर बसवा आणि पूर्ण वाळू द्या. मग जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ कागद), १० ते १२ जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), तीन सेंटिमीटर रुंद. कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून त्या रेघेवर फाडा, म्हणजे कडेचे तंतू सुटे राहतात आणि नीट धरतात. खळ टिश्यूला लावा, झाकणाला नाही. कोपऱ्यात बसवा, वर सिलिकॉनचा कागद, त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा आणि कपड्यांचे चिमटे. तीन-चार तास. पहिला थर वाळल्यावर दुसरा, पहिल्याला आडवा. खळ जास्त ओली झाली तर पाणी पुठ्ठ्यातून आरपार जाऊन झाकणाच्या वरच्या छापील कागदावर डाग उठतो. कोपरा बिघडतो तो बहुतेक वेळा एवढ्याच कारणाने.

फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा गोंद वापरू नका. धरतो पक्का, पण पुढे सोडवता येत नाही आणि पुढच्या वेळी पुठ्ठा गोंदाच्या शेजारी फाटतो. आधीच्या कोणी सेलोटेप लावली असेल तर केसांच्या ड्रायरची मंद हवा देऊन टेप अगदी सपाट, स्वतःवरच मागे वळवत काढा. खालचा पिवळा डाग कागदात मुरलेला असेल तर तो तसाच राहू द्या.

कॉन्सन्ट्रेशनची गुंडाळी फाटली असेल तर त्याच टिश्यूचा एकच थर, मागच्या बाजूने. दोन थर झाले की जाडी वाढते आणि गुंडाळी रुळात तिरकी चढून कडा दुमडतात. वाळल्यावर ती सैल गुंडाळून ठेवा.

तिकीटघर :

बाकीच्या वस्तूंबद्दल.

नावाचे बिल्ले : 'द प्राइस इज राइट' या वस्तूंच्या किमती ओळखायच्या अमेरिकन कार्यक्रमाचे किमतीच्या चिठ्ठीच्या आकाराचे पिवळे बिल्ले खूप विकायला असतात. वर मार्करने हाताने लिहिलेले नाव, एवढेच. कोणीही करू शकेल. त्या दिवसाचे तिकीट किंवा प्रेक्षकांतला फोटो सोबत असेल तरच घ्या.

तिकिटे त्यापेक्षा बरी, कारण त्यांवर वाहिनी, स्टुडिओ आणि तारीख छापलेली असते, आणि ती ताडून पाहता येते. फ्लेमिंगचा जेपर्डी १९६४ ते १९७५ मध्ये न्यूयॉर्कला, रॉकफेलर सेंटरमधल्या एनबीसीच्या स्टुडिओत व्हायचा. तिकिटावर कॅलिफोर्नियातले बरबँक असेल तर ते फक्त १९७८-७९ च्या पुनरागमनाचे असू शकते. १९७० चे म्हणून बरबँकचे तिकीट कोणी दिले तर सोडा. साठवताना लॅमिनेशन कधीच नाही. ते काढता येत नाही.

हातातले इलेक्ट्रॉनिक खेळ : टायगर कंपनीच्या १९९० च्या दशकातल्या जेपर्डीत प्रश्न यंत्रात नसतात. यंत्रात घालायचे कार्ट्रिज आणि त्याची छापील पुस्तिका अशी जोडी असते, कारण त्या पडद्यावर एवढा मजकूर मावत नाही. पुस्तिकेशिवाय कार्ट्रिज निरुपयोगी आणि उलटेही तसेच, म्हणून दोन्हींची नावे जुळवून फोटो मागा. सेलचे झाकण उघडून घेतलेला फोटोही हवा. अल्कलाइन सेल गळला असेल तर पांढरी पूड अल्कलीची असते, ती व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाच्या काडीने निघते, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. साधे झिंक-कार्बन सेल असतील तर गळती आम्लधर्मी, तिथे खाण्याच्या सोड्याचे पाणी. स्प्रिंग हिरवी पडून तुटायला आली असेल तर घेऊ नका. आणि संग्रहात ठेवताना सेल काढूनच ठेवा.

ओळख पटवायला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या 'द स्ट्राँग' या खेळांच्या राष्ट्रीय संग्रहालयाची ऑनलाइन सूची वापरा. टीव्ही गेम शोंच्या इतिहासाचा वेगळा संग्रहही तिथेच आहे. झाकणाचे फोटो ताडायला फार उपयोग होतो.

पटावरचा :

एक पुरवणी, कारण ठाण्यात राहून हे जमवताना तुम्हाला हमखास दिसेल : 'कौन बनेगा करोडपती'ची खोकी. रद्दीवाल्यांकडे, जुन्या खेळण्यांच्या दुकानांत बऱ्याच नावांनी मिळतात आणि पुष्कळशांवर हक्काची ओळच नसते. घ्यायला हरकत नाही, त्या काळाची ती खरी खूण आहे, पण नोंदवहीत 'अधिकृत' आणि 'नक्कल' असे दोन रकाने ठेवा.

मूळ ब्रिटिश कार्यक्रम 'हू वाँट्स टु बी अ मिलियनेअर' आयटीव्ही वाहिनीवर ४ सप्टेंबर १९९८ ला सुरू झाला, तो सेलाडोर या निर्मिती कंपनीचा. अधिकृत खोक्यावर हक्काच्या ओळीत सेलाडोर असेल तर २००६ पर्यंतचे. पुढे हक्क टूवेट्रॅफिक या कंपनीकडे गेले आणि ती २००८ मध्ये सोनी पिक्चर्सने घेतली.

आपल्याकडच्या खोक्यांचा काळ बक्षिसांच्या शिडीवरून लावता येतो. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर सुरू झालेल्या पहिल्या पर्वात १५ प्रश्न, १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंत, टप्पे १०,००० आणि ३,२०,००० वर. जीवनरेषा तीनच : पन्नास-पन्नास, प्रेक्षकांचा कौल, मित्राला फोन. शिडीच्या टोकाला २ कोटी असतील किंवा प्रश्न बदलायची चौथी जीवनरेषा असेल तर ती २००५ किंवा नंतरची. ५ कोटी दिसले तर २०१० किंवा पुढचे, ७ कोटी तर २०१३ किंवा पुढचे. खोक्यावर २००० लिहिले आणि आत २ कोटींची शिडी निघाली तर दोन खेळांचे सामान एकत्र झाले आहे.

मराठीत 'कोण होईल मराठी करोडपती' २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांनी केले. सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती' २०१९ मध्ये नागराज मंजुळेंनी. या दोन्हींची प्रेक्षक-प्रवेशपत्रे, छापील जाहिराती, स्पर्धक-नोंदणीची पत्रके जिथे दिसतील तिथे घ्या. ती कागदाची आहेत, कोणी जपून ठेवत नाही आणि रद्दीत पटकन जातात. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात एकेक, मागे आम्लरहित पुठ्ठा. मागच्या बाजूला पेन्सिलीने, हलक्या हाताने, कुठून आणि कधी मिळाले ते लिहा. बॉलपेनने नको, पुढच्या बाजूला उमटते.

वाळवण :

पॉलिएस्टरची पाकिटे आणि नारिंगी सिलिका जेल मागवले. भावाने आजच दोन खोक्यांचे फोटो पाठवले : पासवर्ड १४ आणि कॉन्सन्ट्रेशन ७. कॉन्सन्ट्रेशनला एक मूठ नाही, गुंडाळी मात्र दोन्ही टोकांनी अखंड दिसते. घ्यावे का?

पटावरचा :

घ्या. मूठ दुसऱ्या कुठल्याही अपूर्ण आवृत्तीतून मिळवता येते, बसते का ते मात्र रुळाच्या टोकाचा आकार पाहून ठरवा. गुंडाळी नसती तर नको म्हटले असते. पासवर्डचा पाकिटात पत्ता घालून काढलेला फोटो आला की इथे टाका.